विहिरीतून लेनमध्ये : मराठवाड्यात कॉलेजच्या जलतरण प्रशिक्षकाचं काम

मराठवाड्यातल्या कॉलेजांत 'जलतरण प्रशिक्षक' अशी कायम जागा जवळपास नसतेच. जागा असते शारीरिक शिक्षण संचालकाची, आणि त्या एका माणसाच्या गळ्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री आणि जमलंच तर पोहणं. पोहण्यासाठी वेगळा माणूस घेतला तरी तो मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर. त्यामुळे या कामात येणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवायचं असतं की आपण संचालक होऊन पोहणं शिकवणार, की प्रशिक्षक होऊन कॉलेज हे चार कामांतलं एक काम म्हणून करणार. दोन्ही वाटांचे कागद वेगळे आहेत.

संचालकाच्या वाटेला बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी, मग किमान ५५ टक्क्यांनी एम.पी.एड. ही पदव्युत्तर पदवी, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. त्याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीप्रमाणे शारीरिक क्षमता चाचणी: तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १,८०० मीटर, स्त्रियांना ८ मिनिटांत १,००० मीटर. अंतर फार नाही, पण वर्षानुवर्षं फक्त पाण्यात राहिलेले लोक जमिनीवर दमतात. महिनाभर आधी पळायला लागलेलं बरं. दुसऱ्या वाटेला पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा. तो परवडत नसेल, घर सोडता येत नसेल, तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. त्याने कायमची नोकरी लागत नाही, पण महापालिकेच्या तलावावर किंवा इंग्रजी शाळेत उभं राहता येतं. आमचं मत विचाराल तर एम.पी.एड.सोबत सहा आठवड्यांचा कोर्स आणि जीवरक्षकाचं प्रमाणपत्र, हे मराठवाड्यात सगळ्यात उपयोगाचं गाठोडं आहे. नुसता डिप्लोमा घेतलेली चांगली माणसं पुण्या-मुंबईकडे निघून जातात, कारण इकडे तलावच मोजके.

आणि तलाव असला तरी पाणी. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. २०१६च्या एप्रिलपासून मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ५० वाघिणींच्या एका खेपेत एवढंच पाणी यायचं. हा आकडा ज्यांच्या डोक्यात बसलाय त्या गावात तलावासाठी टँकर मागायला कुणी तोंड उघडत नाही, आणि ते योग्यही आहे. म्हणून इथल्या प्रशिक्षकाला पोहण्याइतकंच पाणी राखणं यावं लागतं. एकदा भरलेलं पाणी दोन-दोन हंगाम चालवायचं, हे इथलं खरं कौशल्य.

हिशेब कॉलेजांच्या नेहमीच्या मापाचा घेऊ: २५ बाय साडेबारा मीटर, पाच लेन, सरासरी खोली १.६ मीटर. म्हणजे पाच लाख लिटर. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी वाफ होऊन गेलं तरी तीन हजार लिटरच्या वर तूट. ती बोअरच्या पाण्याने भरली की क्षार वाढत जातात, कारण पाणी उडतं पण क्षार मागे राहतात. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी आधीच जड. त्यात ब्लीचिंग पावडर टाकली की वरून आणखी कॅल्शियम, आणि सकाळी तलाव ताकासारखा पांढुरका. लोक म्हणतात, पाणी खराब झालं, आणखी पावडर टाका. टाकली की आणखी पांढरं. अशा पाण्यात आधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किती अल्कली, ते बघायचं. ७.२ ते ७.६च्या वर गेला असेल तर थोडं थोडं ॲसिड देऊन खाली आणायचा, पंप चालू ठेवून, खोल बाजूने. ॲसिड आणि क्लोरीन एकाच बादलीत, एकाच मगाने कधीही नाही. विषारी वायू सुटतो. तसंच क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात ठेवायच्या नाहीत, त्यातून पेट घेतो.

पाच लाख लिटरमध्ये क्लोरीन एक पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) वाढवायला शुद्ध क्लोरीन अर्धा किलो लागतं. तीस टक्क्यांची पावडर असेल तर पावणेदोन किलोच्या आसपास, दहा टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) असेल तर पाच लिटर. हा झाला कागदावरचा हिशेब. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात महिनाभर पडलेल्या हायपोची ताकद निम्म्यावर येते, म्हणून कॅनवर आल्याची तारीख लिहायची आणि पंधरा दिवसांपुरताच माल घ्यायचा. डोस संध्याकाळी, ऊन उतरल्यावर द्यायचा. दुपारी दिलेला डोस उन्हातच जातो. तपासायला पिवळा रंग येणारं स्वस्त औषध असतं, पण ते एकूण क्लोरीन दाखवतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन दाखवतं, आणि आपल्याला तेच हवं, १ ते ३च्या दरम्यान. डोळे चुरचुरतात, वास मारतो म्हणजे क्लोरीन जास्त झालं, असं पालक सांगत येतात. बहुतेक वेळा उलटं असतं: घाम आणि लघवीशी झुंजून मोकळं क्लोरीन संपलेलं असतं आणि उरलेल्या संयुगांचा तो वास असतो. उपाय दोन: पाण्यात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा, आणि डोस कमी न करता वाढवायचा.

टंचाईत पहिली काटछाट होते ती फिल्टरच्या बॅकवॉशची, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुण्याची, कारण त्यात हजारो लिटर पाणी वाहून जातं. आठ दिवस बॅकवॉश टाळला की पाणी गढूळ, आणि गढूळ पाण्यात बुडालेलं पोर दिसत नाही. आमच्याकडे एकच नियम आहे आणि त्यावर प्राचार्यांशीही वाद घालायची तयारी ठेवावी: काठावर उभं राहून खोल बाजूची तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी तलाव बंद. पाणी वाचवायचंच असेल तर बॅकवॉशचं पाणी मैदानावर किंवा झाडांना द्या. रात्री पंप बंद करून पाच ते दहा किलो तुरटी विरघळवून सगळीकडे सारखी सोडली की सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. तो हळूच ओढून बाहेर टाकायचा, फिल्टरमध्ये घ्यायचा नाही. तुरटीने पीएच उतरतो, तेव्हा तो पुन्हा वर आणायला नंतर सोडा ॲश.

आता पोरं.

शहरातल्या क्लबांत सहाव्या वर्षापासून तयार झालेली पोरं इकडच्या कॉलेजात क्वचित येतात. येतात ती विहिरीत पोहलेली. पाठीला डबा किंवा ट्यूब बांधून काकाने ढकललेली, पुढे काठावरून मुटके आणि सूर मारायला शिकलेली, परभणी-हिंगोलीकडची, गोदाकाठची, बीडच्या डोंगरपट्ट्यातली. त्यांना पाण्याची भीती नसते, दम चांगला असतो आणि शिकायची घाईही असते. पण विहिरीने त्यांच्या अंगात काही गोष्टी पक्क्या बसवलेल्या असतात, आणि त्या का बसल्या हे कळल्याशिवाय त्या सुटत नाहीत.

विहिरीत मान वर ठेवावीच लागते. वरून कोण उडी मारतंय, कपार कुठे आहे, दोर कुठे आहे, हे बघत पोहायचं असतं. अंतरही सात-आठ मीटरचं, तेही गोल. लेनमध्ये हेच पोर मान वर ठेवून निघालं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि प्रत्येक हाताला स्वतःचंच अंग ओढावं लागतं. पहिले २५ मीटर ते सगळ्यांच्या पुढे असतं, पुढच्या २५ला थांबतं. आम्ही पहिल्या दिवशी ५० आणि २०० मीटरच्या वेळा घेतो आणि २५ मीटरमधले हात मोजतो. हात तिसाच्या वर गेले की तंत्रावरच काम करायचं, दमाचा व्यायाम तूर्त नाही.

क्रम असा. पहिले चार-पाच दिवस काठ धरून तोंड पाण्यात आणि नाकातोंडातून पूर्ण श्वास सोडणं, वीस-वीसचे चार संच. ही पोरं श्वास कोंडून पोहतात, आणि तोंड बाहेर काढल्यावर आधी सोडतात मग घेतात; त्यात अर्धा सेकंद जातो आणि पाय बुडतात. मग भिंतीला पाय लावून ढकलायचं आणि तोंड खाली ठेवून पाच मीटर नुसतं तरंगत जायचं. इथे बरीच जण हटकून वर बघतात. काठावरून सारखं ओरडावं लागतं, "मान घाल, खालची काळी पट्टी बघ." पोरगं वर येऊन विचारतं, "सर, पण समोरचं दिसत नाही ना." त्याला दिसायची गरज नाही, हे पटायला आठवडा लागतो. पटवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मांड्यांच्या मध्ये पुल बॉय, म्हणजे तरंगणारा फोमचा ठोकळा, देऊन ५० मीटर सोडायचं. पाय आपोआप वर राहतात, वेळ चार-पाच सेकंदांनी सुधारते, आणि मग चूक कुठे आहे हे त्याचं त्यालाच कळतं. पुल बॉय नसेल तर रिकाम्या, झाकण घट्ट लावलेल्या लिटरच्या दोन बाटल्या सायकलच्या ट्यूबने बांधा, काम होतं.

त्यानंतर किक. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी किक ही इथली दुसरी खोड. मांडीपासून, घोटा सैल ठेवून, पाण्याला उकळी फुटावी एवढीच वर. आधी पाठीवर करून घ्यायची, कारण पाठीवर गुडघा पाण्याबाहेर आला की लगेच दिसतो. मग एका कुशीवर सहा किक, हात बदल, दुसऱ्या कुशीवर सहा. मग पूर्ण फ्रीस्टाइल, दर तिसऱ्या हाताला श्वास.

ब्रेस्टस्ट्रोकला गडबड मोठी असते. विहिरीतलं बेडकी पोहणं बघायला ब्रेस्टस्ट्रोकसारखं दिसतं, म्हणून नवे प्रशिक्षक अशा पोराला त्याच प्रकारात टाकतात. पण त्याचा एक पाय कात्रीसारखा पडतो, एक तळवा बाहेर वळतो आणि एक नाही. स्पर्धेत त्याला सरळ बाद. काठावर बसवून पाय पाण्यात सोडायचे, दोन्ही तळवे बाहेर वळवून एकाच वेळी किक, रोज शंभर. मग पाठीवर, हात मांडीशी, गुडघे पाण्याच्या वर न आणता. पाच-सहा आठवडे जातात. तेवढा वेळ हंगामात नसेल तर त्याला ब्रेस्टस्ट्रोकला उतरवू नये.

या पोरांची खरी कमाई वेगळीच आहे. विहिरीत उभ्याने तरंगणं त्यांना इतकं सहज येतं की वॉटरपोलोचा, म्हणजे पाण्यातल्या चेंडूच्या खेळाचा, निम्मा पाया तयार असतो. उंचावरून सूर मारणारी पोरं डायव्हिंगला. विद्यापीठाचा संघ बांधताना सगळे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या मागे लागतात, आणि वॉटरपोलोला माणसं शोधत फिरावं लागतं. तिथे गावाकडच्या पोराला जागा आहे.

पण विहिरीची एक सवय पहिल्या दिवशीच मोडायची: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याची पैज. भराभर श्वास घेऊन मग बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते आणि ती लागायच्या आधीच शुद्ध जाते. पोर गुपचूप तळाशी जातं. चांगलं पोहणारी पोरंच यात जातात. आणि बाहेर काढलेल्याला पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून गरगर फिरवणं, हे गावात अजून चालतं. ते पूर्ण थांबवा. श्वास नसेल तर आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १००-१२०च्या वेगाने ३० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मग दोन श्वास, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत असंच. हे दर जूनमध्ये प्रत्येक पोराकडून करून घ्यायचं, नुसतं सांगायचं नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर फिट येतात का, हा प्रश्न पालकांना समोर बसवून विचारायचा, लपवतात.

हंगाम छोटा असतो. प्रवेश जून-जुलैत, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटाला, त्यानंतर विद्यापीठाचा संघ, शिबिर आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. मध्येच सेमिस्टरची परीक्षा. हातात चौदा-पंधरा आठवडे धरायचे. पहिले चार तंत्राचे, सत्राला १,२०० ते १,५०० मीटर. पुढचे सहा दमाचे, २,५०० ते ३,०००. मग तीन-चार आठवडे शर्यतीच्या वेगाचे आणि शेवटचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणून वेग तसाच ठेवायचा. शेवटच्या दहा दिवसांत पोरांना अंग हलकं वाटायला लागतं आणि ती चोरून जास्त पोहतात. लक्ष ठेवा.

वेग ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. ४०० आणि २०० मीटरच्या वेळा घ्या, वजा करा, दोनने भागा. ४००ला ६ मिनिटं ४० सेकंद आणि २००ला ३ मिनिटं ८ सेकंद लागत असतील तर सेकंदांत ४०० वजा १८८, म्हणजे २१२ सेकंद, अर्धे १०६. या पोराने शंभर मीटर १ मिनिट ४६ सेकंदांच्या वेगाने दहा वेळा मारायचे, दर २ मिनिटं ५ सेकंदांनी एक. पहिले तीन १:३५ने मारून शेवटचे १:५८ने ओढणाऱ्याला थांबवायचं. तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा.

२५ मीटरच्या तलावात तयार झालेला संघ ५० मीटरच्या तलावात शेवटच्या पंधरा मीटरला का मरतो, याचं उत्तर वळणांत आहे. शंभर मीटरमध्ये छोट्या तलावात तीन वळणं, मोठ्यात एकच. प्रत्येक वळणाला भिंतीचा धक्का पाच मीटर फुकट देतो आणि हातांना क्षणभर विसावा. घरच्या तलावात यावर उपाय म्हणजे भिंतीच्या पाच मीटर आधी, झेंड्यांच्या दोरीखाली, भिंतीला न शिवता वळायचं आणि शून्यातून पुन्हा वेग घ्यायचा. पोरांना अजिबात आवडत नाही. आठवड्यातून दोनदा तरी घ्यावं. स्टार्टिंग ब्लॉकवरून उडी मात्र खोली बघूनच: नियमाप्रमाणे ब्लॉकसमोर किमान १.३५ मीटर पाणी हवं. इकडचे काही तलाव दोन्ही बाजूंनी त्याहून उथळ आहेत. तिथे उडी पाण्यातूनच, म्हणजे भिंतीला पाय लावून.

डिसेंबरात संघ स्पर्धेला निघायचा असतो आणि उघड्या तलावाचं पाणी हाडं गोठवतं. स्पर्धेचं पाणी २५ ते २८ अंशांचं असतं, आपलं वीसच्याही खाली जातं. तेव्हा सकाळचं सत्र बंद करून दुपारी दोननंतर घ्यायचं, आधी वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवर अंग तापवायचं, सगळ्या सूचना कोरड्यातच द्यायच्या आणि पाण्यात पस्तीस-चाळीस मिनिटांच्या वर ठेवायचं नाही. ओठ निळे पडलेलं पोर "काही नाही सर" असंच म्हणणार; त्याचं न ऐकता बाहेर काढायचं.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींच्या बऱ्याच शर्यती दोघी-तिघींत होतात, म्हणजे टिकून राहिलेली मुलगी विद्यापीठाच्या संघात जवळपास पक्की. तरी पालक तयार होत नाहीत, आणि अडचण पोहण्याची नसते. कपडे बदलायची खोली कुलुपाची आहे का, काठावर बाई आहे का, बघ्यांच्या बाजूला पडदा आहे का, घरी परतायला एसटी किती वाजता, एवढेच प्रश्न असतात. ते सोडवलेत की आई स्वतः घेऊन येते. सरावाला गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालतो आणि स्पर्धेतही खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा नियमात बसतो, फक्त कापडी हवा. हे दुकानातला पोशाख हातात देऊन दाखवावं, नुसतं बोलून उपयोग नाही.

पैशाचं गणित साधं आणि कडू आहे. मानधन शैक्षणिक महिन्यांपुरतंच, तेही अनुदान आलं की मिळणार. घर चालतं ते उन्हाळ्यावर: एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत लेकरांच्या बॅचेस, सकाळी साडेपाचपासून. कॉलेजचा तलाव असेल तर त्या बॅचेसच्या फीमध्ये आपला वाटा किती, हे मार्चमध्येच लेखी घ्यावं. महापालिकेचे तलाव बऱ्याचदा कंत्राटावर जातात, तेव्हा कंत्राटदार बदलला की प्रशिक्षक बदलतो. एका बॅचमध्ये एका प्रशिक्षकामागे दहाच्या वर नवशिके घेऊ नयेत. पंचवीस घेतले की पैसा दिसतो, पण तीन आठवड्यांत कुणालाच पोहता येत नाही आणि पुढच्या वर्षी तीच लेकरं दुसरीकडे जातात.

स्पर्धेच्या आधल्या दिवशी संघाकडून नियम तोंडपाठ करून घ्यायचे. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. बॅकस्ट्रोकला पाठीवरच संपवायचं. ब्रेस्टस्ट्रोक सोडून बाकी प्रकारांत पाण्याखालून पंधरा मीटरच्या आत डोकं वर यायलाच हवं. स्टार्टला हललात तर दुसरी संधी नाही. रिलेत आधीच्याचा हात लागायच्या आत पाय सुटला तर चौघं बाद. पोहून हरण्यापेक्षा बाद होऊन जास्त पदकं जातात, निदान आपल्याकडची.

आणि प्रमाणपत्र. ही पोरं पोहतात त्यामागे पोलीस भरती आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण हेही एक कारण असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढे क्रीडा विभागाकडून पडताळणी होते तेव्हा नाव, जन्मतारीख, प्रकार, क्रमांक सगळं दहावीच्या कागदाशी जुळावं लागतं. वडिलांचं नाव सुटलेलं, 'शिवाजी'चं 'शिवाजीराव' झालेलं, प्रकाराच्या जागी नुसतं 'जलतरण' लिहिलेलं, हे स्पर्धेच्या ठिकाणीच दुरुस्त होतं. नंतर यजमान विद्यापीठाला पत्रं पाठवत बसावं लागतं आणि तोवर भरतीची तारीख निघून जाते. म्हणून संघाला सामान बांधायला सांगून व्यवस्थापकाने दहावीच्या सनदांच्या झेरॉक्स घेऊन आयोजकांच्या टेबलाशी उभं राहायचं, एकेक प्रमाणपत्र अक्षर लावून वाचायचं, निकालपत्राची शिक्क्याची प्रत मागून घ्यायची आणि मगच स्टेशनकडे निघायचं.